घाटावर, घाटाखाली : बुलढाण्याच्या गावातील देण्याघेण्याची रीत

बुलढाणा जिल्ह्यात बाहेरून येणारा माणूस बहुधा लोणारचे सरोवर, सिंदखेड राजा येथील जिजाऊंचे जन्मस्थान आणि शेगावचे मंदिर एवढी तीन ठिकाणे पाहून परततो, आणि त्यांच्या मधली गावे त्याला एसटीच्या खिडकीतून जेवढी दिसतात तेवढीच दिसतात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती आणि तिच्यातील जवळपास चार-पंचमांश लोक याच गावांत राहत होते. पाहुणा दारात आल्यावर काय होते, पेरणीच्या तोंडावर बैल कमी पडला तर कोणाकडे जातात, घरात मृत्यू झाला तर पहिल्या दिवशीची भाकर कोणाच्या चुलीवरून येते, उसने नेलेले पायलीभर धान्य केव्हा आणि कसे परत येते, अशा साध्या प्रश्नांतून एखाद्या समाजाची रोजची संस्कृती उलगडत जाते. पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाविषयी परदेशी प्रवाशांनी आणि तेथील अभ्यासकांनीही याच प्रकारचे प्रश्न विचारून पुष्कळ लिहिले आहे. त्यामुळे बुलढाण्याच्या गावाकडे पाहताना घानाची उदाहरणे अधूनमधून हाताशी ठेवणे उपयोगी पडते. दोन्हीकडे पाहुण्याच्या मनावर पहिला ठसा उमटतो तो लोकांच्या मोकळ्या हाताचा. त्या मोकळेपणामागे किती चोख हिशेब असतो, हे मात्र ओळख जुनी झाल्याशिवाय ध्यानात येत नाही.

जिल्ह्यातले लोक स्वतः जिल्ह्याचे दोन भाग करतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्हा मधोमध चिरला गेला आहे. तिच्या वरच्या पठारावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे सहा तालुके येतात व त्यांना ‘घाटावरचे’ म्हणतात, तर खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे सात तालुके पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे ‘घाटाखाली’ आहेत. खाली काळी कसदार जमीन, कापसाच्या बाजारपेठा आणि मुंबई-नागपूर लोहमार्ग. वर हलकी-मध्यम जमीन, मराठवाड्याशी सोयरीक आणि बोलण्यातही त्या बाजूचा हेल. मलकापूर-जळगाव जामोदकडे खानदेशची छाया पडलेली असते. सोयरीक जुळवताना ‘मुलगी घाटावरची का घाटाखालची’ हा प्रश्न अजूनही निघतो, आणि तो विचारणाऱ्याच्या मनात उन्हाळा, पाणी व कष्ट यांचा सारा हिशेब असतो.

घाटावर असो वा घाटाखाली, पाहुण्याचे स्वागत ठरलेल्या क्रमानेच होते. तो आधी ओसरीवर टेकतो, मग तांब्याभर पाणी येते, मग पाऊसपाण्याची, पिकाची, घरातल्या म्हाताऱ्यांच्या प्रकृतीची चौकशी होते, त्यानंतर चहा, आणि चहा संपत आल्यावर कोठे आलेल्याने कामाची गोष्ट काढायची असते. हा क्रम मोडून दारातच काम सांगणारा माणूस वसुलीला आला असावा, असा गावाचा समज होतो. अकान हा घानातील सर्वांत मोठा लोकसमूह. त्याच्यात हीच रीत अधिक औपचारिक झालेली आढळते. पाहुण्याला आसन द्यायचे, पाणी द्यायचे, ते पिऊन झाल्यावर यजमानाने ‘आमान्ने’, म्हणजे येण्याचे प्रयोजन, विचारायचे आणि पाहुण्याने वाटेतल्या हालहवालापासून सुरुवात करून ते सांगायचे, असा तेथील शिष्टाचार आहे. जमलेल्या मंडळींना अभिवादन करताना तेथे उजवीकडून आरंभ करून डावीकडे जातात, आणि डाव्या हाताने काही देणे वा घेणे हा अपमान समजला जातो. हा दुसरा नियम वऱ्हाडी माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

पाण्याला दिलेला हा मान घाटाखाली विशेष अर्थपूर्ण ठरतो, कारण पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे ज्या पट्ट्यातले भूजल खारट आहे अशा प्रदेशात, विहीर खोदली की पिण्याजोगे पाणी लागेलच याची शाश्वती नसते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा याच पाण्याच्या संदर्भात वर्षानुवर्षे होत आली आहे. अशा मुलखात गोड्या पाण्याची विहीर ज्याच्या मळ्यात असते त्याला पाण्याला नाही म्हणता येत नाही, आणि नाही न म्हणण्यातूनच त्याची गावातली पत ठरत जाते. हेच पाणी कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही यावरून याच गावांत पिढ्यान्‌पिढ्या माणसांची विभागणीही होत होती. त्या बाजूचा विचार पुढे येईलच.

गावातल्या माणसांना एकमेकांशी बांधणारा दुसरा धागा गावनात्याचा. रक्ताचे वा लग्नाचे नाते नसतानाही गावातला प्रत्येक जण दुसऱ्याचा कोणीतरी असतो. शेजारची म्हातारी ‘मोठी माय’ असते, सुतार ‘काका’ असतो, दुकानदार ‘भाऊ’ असतो, आणि गावातून लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरी आली की ती साऱ्या आळीची लेक ठरते. ज्याला काका म्हटले त्याच्याशी तुटेपर्यंत भांडता येत नाही; उधारी मागतानाही जीभ आवरावी लागते. गावनाते मायेचे असते हे खरे, पण ते सोयीचेही असते.

शेतीच्या कामात हिशेबाची ही बाजू अगदी उघड होते. ज्यांच्याकडे एकेकच बैल आहे असे दोन शेतकरी आपले बैल एकत्र जुंपतात आणि औत एक दिवस याच्या, एक दिवस त्याच्या शेतात चालवतात. या आळीपाळीच्या व्यवहाराला वारंगुळा म्हणतात. इर्जिक हा त्याहून मोठा प्रकार असून, आजारपणामुळे किंवा मनुष्यबळाअभावी ज्याची मशागत मागे पडली आहे त्याच्या रानात गावातले अनेक जण आपापली औते घेऊन एकाच दिवशी उतरतात, मजुरी घेत नाहीत, आणि त्या दिवसाचे जेवण मात्र शेतमालकाने हात न आखडता घालायचे असते. इर्जिकीला कोण आले आणि कोण आले नाही, याची नोंद कोणी लिहून ठेवत नाही. तरी ती पुसलीही जात नाही. अकान प्रदेशात ‘न्नोबोआ’ या नावाने हीच पद्धत चालते. शेतकऱ्यांचा एक लहान गट क्रमाक्रमाने प्रत्येकाच्या शेतात राबतो आणि ज्याची पाळी असेल त्याने जेवणखाण पाहायचे असते. घानाचे कोकोचे मळे अशा पाळीच्या श्रमांवरही वाढले. इंग्लंडच्या अर्थशास्त्रज्ञ पॉली हिल यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की दक्षिण घानातील स्थलांतरित कोको-शेतकरी गट करून जंगलाची जमीन एकत्र विकत घेत आणि मग ज्याने जेवढे पैसे घातले तेवढ्या रुंदीची पट्टी दोरीने मोजून त्याला देत. एकोपा आणि मोजणी यांत तेथे कोणाला विरोध वाटला नाही.

बुलढाण्यात वारंगुळा आणि इर्जिक आता मागे पडली आहेत, आणि त्याचे कारण माणसांची नियत बिघडली असे देण्याची पद्धत असली तरी ते पुरेसे नाही. पठारावर सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली; सोयाबीनची सोंगणी थोड्या दिवसांत उरकावी लागते, एकाच आठवड्यात साऱ्या गावाला माणसे लागतात, त्यामुळे आज तुझे, उद्या माझे असे म्हणायला वेळच उरत नाही. मग एकरी भाव ठरवून काम उक्ते दिले जाते, बाहेरगावच्या टोळ्या येतात, नांगरटीला ट्रॅक्टर येतो आणि त्याचे पैसे तासावर मोजले जातात. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तसे गोठ्यातले बैल कमी झाले, आणि बैलच नसतील तर वारंगुळा कशाचा करायचा?

तरीही पोळ्याच्या सणात जुन्या व्यवहाराचा आराखडा शाबूत राहिलेला दिसतो. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी खांदमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्यावर तूप किंवा तेल आणि हळद चोळून, पळसाच्या पानांनी ते शेकले जातात, आणि बैलालाच दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आवतण, म्हणजे निमंत्रण, दिले जाते. पोळ्याच्या दिवशी त्याला न्हाऊमाखू घालतात, शिंगांना रंग व बेगड लावतात, नवी वेसण, नवा कासरा, पाठीवर झूल चढवतात आणि सगळ्या जोड्या गावाच्या तोरणाखाली उभ्या करतात. तेथे झडत्या होतात. झडती म्हणजे वरच्या पट्टीत म्हटलेली चुरचुरीत तुकबंदी, आणि तिच्यात सावकारापासून सरकारपर्यंत कोणाचीही फिरकी घेण्याची मुभा असते. तोरण सुटल्यावर बैल घरोघर नेले जातात, घरधनीण त्यांची पूजा करून पुरणपोळी चारते आणि बैल घेऊन आलेल्या गड्याच्या हातावर पैसे ठेवते. या पैशांना बोजारा म्हणतात. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी. ज्याची मजुरी वर्षाच्या सुरुवातीलाच ठरून गेलेली असते त्याला त्या बोलीबाहेर मिळणारी ही रक्कम हक्काची वाटते, आणि कोणत्या घरी किती बोजारा मिळाला याची चर्चा रात्री पारावर झाल्याशिवाय राहत नाही.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ या ग्रंथात अलुतेदार-बलुतेदारांची जी पद्धत वर्णन केली आहे, तिच्यात सुतार, लोहार, न्हावी, परीट यांनी वर्षभर कुणब्याचे काम करायचे आणि खळ्यावर धान्याच्या रूपाने वाटा, म्हणजे बलुते, न्यायचे असे. ही देवाणघेवाण वरकरणी वारंगुळ्यासारखी दिसत असली तरी तिच्यात पाळी कधी उलटत नसे. ज्यांच्याकडे गावाची राखण, सांगावा पोचवणे आणि मेलेली जनावरे ओढणे अशी कामे होती, त्या महारांना त्याबद्दल घरोघर फिरून भाकरी गोळा करावी लागे, पंगतीत त्यांना जागा नसे आणि विहिरीवर हात लावता येत नसे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिल्यानंतर विदर्भातल्या गावोगावच्या बौद्धांनी ही गावकीची कामे टाकून दिली; गावाच्या दृष्टीने जुनी सेवा बंद पडली आणि त्यांच्या दृष्टीने एक न संपणारे कर्ज फाडून टाकले गेले. घानाचे तत्त्वज्ञ क्वामे ग्येक्ये यांनी आफ्रिकी समाजांबद्दल लिहिताना, माणूस केवळ समूहानेच घडतो हे मत अमान्य केले आणि समूहाच्या हक्कांबरोबर व्यक्तीची प्रतिष्ठा तितकीच मूलभूत मानली. गावगाड्याच्या चर्चेत हा मुद्दा मराठी लेखकांनीही अधिक वेळा उचलायला हवा होता.

सामूहिक जेवण हे बुलढाण्याच्या गावाचे सर्वांत बोलके रूप आहे, आणि त्यात रोडग्याच्या जेवणाला तोड नाही. नवस फेडण्यासाठी किंवा देवीच्या भंडाऱ्यासाठी हे जेवण शेतात वा देवळापाशी केले जाते. गव्हाचे जाडसर पीठ घट्ट मळून, तेलाचा हात लावत त्याचे थर दुमडून गोळे वळतात, शेणाच्या गोवऱ्यांचा मोठा आर पेटवून तो निवाल्यावर त्यात ते पुरतात, आणि वरून खरपूस झाले की बाहेर काढून फडक्याने राख झटकून फोडतात. आत वाफाळलेला, पदर सुटलेला भाग दिसला की रोडगा जमला. सोबत वरण, तिखट तर्रीची वांग्याची भाजी आणि वर तूप. हे काम बहुधा पुरुषच करतात, आणि एरवी घरात चुलीकडे न फिरकणारा गडी येथे आराच्या आचेबद्दल तावातावाने बोलताना आढळतो. निमंत्रणाचेही प्रकार असतात. ‘घरटी एक’ म्हणजे प्रत्येक घरातून एका माणसाने यायचे, आणि ‘चूलबंद’ म्हणजे त्या दिवशी घरातली चूल पेटवायचीच नाही, लेकराबाळांसह सर्वांनी जेवायला यायचे. कोणाला चूलबंद आवतण गेले आणि कोणाला घरटी एक, यावरून घरोब्याचे मोजमाप होते, आणि ज्याला चूलबंद मिळाले त्याने आपल्या घरच्या कार्यात तेवढेच परत करायचे असते.

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी ही गावाने एकत्र बसून पुढल्या वर्षाचा अंदाज ऐकण्याची प्रथा आहे. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ती सुरू केली असे सांगितले जाते, आणि त्यांच्या वंशजांनी ती चालू ठेवली आहे. सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात एक वर्तुळ आखून त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, सरकी अशी अठरा धान्ये मांडतात. मध्ये खड्डा करून त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांच्यावर पाण्याची घागर, आणि घागरीवर व भोवती पुरी, पापड, कुरडई, सांडोळी, करंजी, वडा, विड्याचे पान व सुपारी ठेवतात. रात्रभर तेथे कोणी थांबत नाही. पहाटे सूर्योदयापूर्वी परत येऊन कोणते धान्य जागचे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, पुरी शाबूत आहे का, विड्यावरची सुपारी सरकली का, हे पाहतात आणि त्यावरून पिके, बाजारभाव, पाऊस, चारा, रोगराई व राज्यकारभार यांविषयी भाकीत सांगतात. पुरी पृथ्वीची खूण मानली जाते आणि पानविडा राजाची. या भाकिताला वैज्ञानिक आधार नाही, अशी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीची हरकत आहे आणि ती योग्यच आहे, कारण रात्रीच्या मुंग्या, वारा आणि दव यांनी धान्य हलते, त्यावर मान्सून अवलंबून नसतो. तरी त्या पहाटे जमलेल्या शेतकऱ्यांकडे पाहिले तर एक गोष्ट जाणवते, की पेरणीपूर्वीची चिंता येथे एकट्याने वाहिली जात नाही. कपाशी घालायची की तूर वाढवायची, याची चर्चा भाकीत ऐकताऐकताच सुरू होते. आणि ज्यांचा भाकितावर काडीचा विश्वास नाही तेही ते ऐकायला आलेले असतात. घानाच्या किनाऱ्यावरील गा लोकांत, अक्रा शहराच्या परिसरात, होमोवो या सुगीच्या उत्सवापूर्वी काही आठवडे ढोल वाजवण्यावर बंदी असते आणि मग मक्याचा ‘क्पोक्पोई’ हा पदार्थ करून, पूर्वजांसाठी शिंपडून, मोठ्या कुटुंबाने एकत्र खायचा असतो. जुन्या दुष्काळाला त्यात हसून हिणवले जाते. अक्षय्य तृतीयेलाही वऱ्हाडात पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर पुजतात. ज्या मुलखांत एक पाऊस चुकला की घर बसते, तेथे पूर्वज आणि पीक एकाच सणात यावेत यात नवल नाही.

पैशाच्या व्यवहारात या रीतीने आधुनिक रूप घेतले आहे. भिशी म्हणजे ठरावीक लोकांनी दरमहा सारखी रक्कम जमा करून ती चिठ्ठीने वा बोलीने क्रमाक्रमाने एकेकाला देणे. मुलीचे लग्न, बोअरवेल, दवाखाना अशी अडचण असलेल्याला चिठ्ठी न टाकताच आधी भिशी देण्याचा मनाचा मोठेपणाही अनेक गटांत दिसतो, पण त्याने पुढचे हप्ते चुकवले तर त्याच्या घरी जाणारी माणसे तीच असतात. घानात हिला ‘सुसू’ म्हणतात. तिचा आणखी एक प्रकार असा, की सुसू गोळा करणारा माणूस बाजारातल्या बायकांच्या ओट्यांवर रोज फिरतो, ठरलेली रक्कम घेऊन कार्डावर खूण करतो आणि महिन्याच्या शेवटी एका दिवसाची रक्कम आपली मजुरी म्हणून ठेवून बाकीची परत देतो. व्याज नाही, उलट थोडी तूटच. तरीही घरातल्या मागण्यांपासून पैसा बाजूला राहतो एवढ्यासाठी बायका ती पत्करतात. महाराष्ट्रात हेच काम महिला बचत गटांनी केले, तर बुलढाण्यात त्याच्या पुढचा टप्पा पतसंस्थांनी गाठला. राधेश्याम चांडक यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेली बुलडाणा अर्बन ही सहकारी पतसंस्था एका लहान जिल्हा-शहरात जन्मली आणि देशातल्या मोठ्या पतसंस्थांत गणली जाऊ लागली; शेतमाल गोदामात ठेवून त्याच्या तारणावर कर्ज देण्याची तिची पद्धत शेतकऱ्याला पडत्या भावात माल विकण्यापासून थोडी उसंत देते. माणसाच्या तोंडाकडे पाहून दिलेल्या उसनवारीची जागा येथे पावतीने घेतली आहे.

मृत्यूच्या प्रसंगी हिशेब आणि माया यांची सरमिसळ सर्वाधिक होते. ज्या घरात माणूस गेला त्या घरात चूल पेटत नाही, आणि शेजारी व भाऊबंद पिठले-भाकरी घेऊन येतात. हे अन्न कोणाकडून कोणत्या दिवशी यायचे हे न बोलता ठरते. तेरवी, म्हणजे तेराव्या दिवसाचे जेवण, मात्र मोठे असते. सोयरे टोपी-टॉवेल, साडी-चोळी असा दुखवट्याचा आहेर आणतात, आणि तो वहीत उतरवला जातो, कारण उद्या त्यांच्याकडे असाच प्रसंग आला तर त्याहून कमी नेता येत नाही. लग्नातल्या आहेराची वहीही अशीच जपून ठेवलेली असते. घानात अंत्यसंस्कार हा समाजजीवनातला सर्वांत मोठा समारंभ असतो. तो बहुधा शनिवारी होतो, लोक काळी-तांबडी वस्त्रे नेसून येतात, मांडवात एका टेबलाशी देणगी घेतली जाते, रक्कम व नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारतात आणि देणाऱ्याला पावतीही मिळते. आलेल्या पैशांतून खर्च भागून काही उरले किंवा तूट आली, तर त्याची वाटणी कुळातल्या मंडळींत होते. तेथील चर्च आणि पारंपरिक प्रमुखांनी या खर्चाला आळा घालण्याचे आवाहन वारंवार केले आहे. वऱ्हाडात हेच काम गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन केले. कर्ज काढून पंगती घालू नका, असे ते अखेरपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, कीर्तनातून बजावत राहिले. त्यांच्या तसबिरी ज्या घरांत आहेत त्यांतल्या कित्येक घरांत तेरवी तरीही कर्ज काढूनच होते.

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने मानली आहेत. वर सांगितलेल्या बहुतेक चालीरीती त्या चौकटीत बसतात. शेगावची सेवा मात्र तिच्यात सहज बसत नाही. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रथम दिसले तेव्हा देविदास पातुरकर यांच्या घरच्या पंगतीनंतर बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शिते ते वेचून खात होते, अशी कथा आहे. दुसऱ्याच्या पंगतीचे उष्टे खाणाऱ्या माणसाकडे परतफेडीचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. आज त्यांच्या नावाच्या संस्थानात आसपासच्या खेड्यांतले सेवेकरी आपापल्या पाळीला येतात, झाडलोट करतात, रांगा लावतात, महाप्रसाद वाढतात आणि मानधन न घेता परत जातात. यांपैकी बरेच जण स्वतः शेतकरी किंवा शेतमजूर असतात. गावाकडे एका दिवसाच्या रोजासाठी भाव ठरवणारा माणूस येथे दिवसचे दिवस फुकट राबतो, आणि तरी सेवेची पाळी मिळायला थांबावे लागते. संस्थानाची स्वच्छता आणि शिस्त पाहून शहरी पाहुणा चकित होतो व व्यवस्थापनाची तारीफ करतो. ती योग्यही आहे. पण या शिस्तीचा पाया पाळीने काम करण्याची जी सवय शेतातून आली आहे तिच्यात आहे. वारंगुळ्यात पाळी शेजाऱ्याशी होती, येथे ती महाराजांशी आहे, एवढाच काय तो फरक. आषाढीला पंढरपूरला गेलेली महाराजांची पालखी परतताना सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव अशी जिल्ह्यातूनच येते, आणि कोणत्या गावी सकाळचा चहा कोणाकडे, दुपारची पंगत कोणाकडे, हे मान घराघरांत पिढीजात चालत आलेले असतात. असा मान मिळालेले घर तो सहसा सोडत नाही.

बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीला भरणारी यात्राही अशीच बाहेरच्या माणसाला गोंधळात टाकते. दर्गा मुसलमान संताचा, यात्रा होळीची, आणि त्या होळीत भाविकांनी आणलेले असंख्य नारळ जळत असतात. हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांतले लोक येथे येतात, विशेषतः मनोरुग्णांना घेऊन. त्यांना जे उपचार हवे असतात ते तेथे मिळत नाहीत, ही गंभीर बाब आहे. घरातला माणूस वेडा झाला म्हणून त्याला कोंडून न ठेवता सगळे घर त्याच्यासोबत माळावर मुक्काम करते, ही दुसरी बाब, आणि ती विसरून चालत नाही.

आता गावातली तरणी पोरे पुणे, छत्रपती संभाजीनगर, सुरत अशा शहरांत कामाला गेली आहेत, तशी घानाची माणसे लंडन आणि न्यूयॉर्कला गेली आहेत. घानात शहरात वा परदेशात असलेला माणूस गावच्या अंत्यसंस्काराची देणगी मोबाइलवरून पाठवतो आणि मांडवात त्याचे नाव पुकारले जाते. बुलढाण्याच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह असला की वर्गणी फोनवरून येते, पावतीचा फोटो गावाच्या ग्रुपवर पडतो, आणि काल्याच्या कीर्तनानंतर देणगीदारांची यादी ध्वनिक्षेपकावरून वाचली जाते : इतके पोते गहू अमक्याकडून, तेलाचे डबे तमक्याकडून, एका पंगतीचा सर्व खर्च शहरातल्या अमुक मंडळाकडून. याच यादीत मध्येच ‘गुप्तदान’ अशी एक नोंद येते. तिच्यापुढे रक्कम स्पष्ट सांगितली जाते, आणि ती कोणाची हे मांडवात बसलेल्या बहुतेकांना आधीच ठाऊक असते.